कांडरचं बदललेलं सासर

नदी म्हटलं की आपल्याला आधी मोठ्या नद्या आठवतात. गंगा, नाईल, अ‍ॅमेझॉन. मीही शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवला तो याच बायांचा. उगम, लांबी, उपनद्या, मुखाशी त्रिभुज प्रदेश, आणि परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न. लहान नदीला पाठ्यपुस्तकात जागा नसते. पण निवृत्तीनंतर मला असं वाटायला लागलं आहे, की नदीचा स्वभाव समजून घ्यायचा तर एखादी लहानशीच नदी धरावी. ती उगमापासून शेवटपर्यंत आपल्या नजरेत मावते. तिच्याशी कोण कसं वागलं आणि ती उलटून कशी वागली, याचा हिशेब लागतो.

माझी ही नदी आहे स्वित्झर्लंडमधली कांडर. लांबी जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे आपल्या दादर ते कल्याण लोकलचं अंतर. माझा मुलगा आणि सून टून नावाच्या गावात राहतात (लिहिताना थ ने सुरुवात, म्हणताना ट, त्यामुळे 'ठाण्याची आजी टूनला गेली' हा विनोद आमच्या घरात आता झिजून गुळगुळीत झाला आहे). गेल्या काही वर्षांत चार वेळा तिथे जाऊन राहिले. आल्प्सच्या बर्फाचे फोटो काढून झाले, चॉकलेटं वाटून झाली, आणि मग वेळ कसा घालवायचा हा प्रश्न आला. नातीच्या शाळेच्या पुस्तकात या नदीवर एक धडा होता. ती वाचायची, मला मोडक्या मराठीत सांगायची, मी नकाशा उघडून बसायचे. तेव्हापासून ही कांडर मला सोडत नाही. आज तिच्याविषयी सविस्तर लिहिते. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी भूगोल. जुनी सवय.

बर्नीज आल्प्समध्ये ब्ल्यूमलिसाल्प नावाची बर्फाच्छादित शिखरांची रांग आहे. तिच्या पाठीमागच्या हिमनदीतून कांडर निघते आणि गास्टर्न नावाच्या एका खोल, उंच कड्यांच्या दरीतून वाहत येते. तिथून एका घळीतून खाली उडी घेतली की कांडरश्टेग गाव. या गावाच्या वर ओशिनेन नावाचं निळंशार तळं आहे. फार पूर्वी डोंगराचे कडे कोसळून दरी अडली आणि मागे पाणी साचलं, ते हे तळं. पुढे फ्रूटिगेन गावाशी तिला एंग्स्टलिगे ही उपनदी मिळते. ही उपनदी वरच्या अंगाला सुमारे ३७० मीटरचा धबधबा टाकून येते. आणखी खाली झिमे मिळते. मला हे नाव ऐकलं की मंगळागौरीचा झिम्माच आठवतो. झिमेच्या वरच्या खोऱ्यात त्स्वायझिमेन, म्हणजे 'दोन झिमा', नावाचं गाव आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५च्या सिनेमातलं शाहरुख-काजोलचं रेल्वे स्टेशन ते हेच. त्यामुळे कांडरचं पाणी आपल्यापैकी बहुतेकांनी नकळत पडद्यावर पाहिलेलं आहे म्हणायला हरकत नाही!

उन्हाळ्यात कांडरचं पाणी ताकासारखं दिसतं. हिमनदी खडक घासत पुढे सरकते, तेव्हा त्याचं पीठ होतं, ते पाण्यातून येतं. बरोबर वाळू, गोटे, धोंडेही येतात. कांडरची सगळी गोष्ट या दगडगोट्यांची आहे, हे आत्ताच लक्षात ठेवा.

आज ही नदी टूनच्या सरोवरात येऊन मिळते. पण तीनशे वर्षांपूर्वी ती सरोवरात जात नव्हती. सरोवर अगदी हाकेच्या अंतरावर होतं, पण मध्ये श्ट्रेटलिगेनची टेकडी आडवी होती. पुरातन हिमनदीने आणून टाकलेल्या गाळ-दगडांची, म्हणजे हिमोढाची, ही टेकडी. कांडर तिच्या पायथ्याशी येऊन वळायची, सरोवराला समांतर वाहायची आणि टून गाव ओलांडून गेल्यावर पलीकडे आरे नदीला मिळायची. (आरे कॉलनीशी काही संबंध नाही. ही आरे सरोवरातून निघून बर्न शहराला वळसा घालून पुढे ऱ्हाईनला मिळते.)

ही जुनी वाट सपाट होती. सपाटीवर आल्यावर नदीचा जोर संपतो आणि ती ओझं खाली टाकते. कांडर वर्षानुवर्षं गोटे टाकत गेली, तिचं पात्र उथळ होत गेलं, आणि दर मोठ्या पुराला ती आजूबाजूच्या शेतांत शिरायला लागली. शिवाय आरेला ती जिथे मिळायची त्याच सुमाराला समोरच्या बाजूने त्सुल्ग नावाची दुसरी नदीही गोटे घेऊन यायची. दोघी मिळून आरेचं तोंड दाबायच्या. मग पाणी मागे तुंबायचं. टिअराखेर्न, उटेनडोर्फ या गावांचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या हे सोसत होते.

तेव्हा हा सगळा मुलूख बर्न शहराच्या सत्तेखाली होता. शेतकऱ्यांच्या तक्रारी तिथे गेल्या आणि एक मोठी धाडसी कल्पना पुढे आली. टेकडी फोडायची आणि नदी सरळ सरोवरात सोडायची. एवढं मोठं सरोवर, तिथे पूर काय आणि गोटे काय, सगळं जिरून जाईल. बर्नने १७११ साली मंजुरी दिली. काम सॅम्युएल बोडमर नावाच्या माणसाकडे दिलं. हा नकाशे काढणारा, सैन्यातला माणूस. १७१२ साली त्या मुलखात आपापसात लढाई जुंपली म्हणून काम थांबलं. मग पुन्हा सुरू झालं तेव्हा बेत थोडा बदलला होता. सगळी टेकडी वरून खाली कापत बसण्यापेक्षा खालून बोगदा काढायचा.

आणि बोगदा झाला. नदी त्यात सोडली.

आता मुलांना वर्गात विचारायचे तसं तुम्हाला विचारते. नदीला सपाट, लांबच्या वाटेऐवजी एकदम उताराची, जवळची वाट दिली तर काय होईल? बरोबर. वेग वाढेल. वेग वाढला की तळ खरवडला जाईल. कांडरने तेच केलं. दगडगोट्यांचं हत्यार तिच्या हातात होतंच, आणि टेकडीही अखंड खडकाची नव्हती, सुटा माल होता. बोगद्याचा तळ भराभर खाली गेला, आणि १७१४ सालीच बोगद्याचं छत कोसळलं. बोगद्याची घळ झाली. ती घळ आजही आहे, मी तिच्या काठाने चालले आहे. दोन्ही बाजूंना दाट झाडी, खाली पाण्याचा घोष. माहीत नसलेल्याला वाटेल की ही निसर्गानेच लाखो वर्षांत कोरली असणार. वर सांगितल्यावरही विश्वास बसत नाही, की हिचं वय आपल्या पेशवाईइतकंच आहे. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं ते १७१३ साली.

खरवडणं घळीपाशी थांबलं नाही. नदीचा तळ एका ठिकाणी खाली गेला की वरचं पाणी आणखी जोरात ओढलं जातं, मग तिथला तळ जातो, मग त्याच्या वरचा. असं करत करत कांडर आणि झिमे दोघींची पात्रं मागे मागे खोल होत गेली. काठ ढासळले. नदीला थांबवायला पुढे बंधारे घालावे लागले.

आणि खाली सरोवरात काय झालं? इथे खरी गोम आहे.

कांडर-झिमेचं पाणलोट क्षेत्र सुमारे अकराशे चौरस किलोमीटर. सरोवराचं आधीचं स्वतःचं पाणलोट सुमारे चौदाशे. म्हणजे चौदाशेच्या घरात एका दिवसात अकराशेचा पाहुणा राहायला आला, तोही कायमचा. आणि बाहेर जायचा दरवाजा? तो तेवढाच होता. टून गावातून आरे जिथे बाहेर पडते तिथे गिरण्या, त्यांचे बांध, घरं यांची दाटी झालेली. दरवाजा आधी रुंद करायला हवा होता. तो केला नाही.

सरोवर फुगलं. पूर्वी जो पूर टिअराखेर्नच्या शेतात यायचा तो आता टूनच्या गल्ल्यांत यायला लागला. काही वर्षांतच गावातला गिरणीचा बांधही पाण्याच्या रेट्याने फुटला. मग १७२६ साली बाहेरच्या वाटेवर पहिलं दारांचं बांधकाम झालं आणि १७८८ साली दुसरं. लाकडी छपराचे पूल आणि खाली पाण्याची दारं. आज टूनचे सगळ्यात जास्त फोटो या पुलांचेच निघतात. पुलाखाली उसळणाऱ्या लाटेवर तरुण पोरं फळ्या घेऊन खेळत असतात, वर पर्यटक टाळ्या वाजवतात. तिथे उभं राहिलं की मला मात्र वाटतं, हा एका विसरलेल्या दरवाजाचा दंड आहे.

हा दंड तेवढ्यावर भागला नाही. १९९९च्या मे महिन्यात सरोवराने आधीचे सगळे आकडे मोडले. डोंगरावरचं भरपूर बर्फ वितळत होतं आणि वर पाऊस. पुढे २००५च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याहूनही वर गेलं. (तीच २००५ची जुलै अखेर आपण ठाणे-मुंबईकरांनी कशी काढली ते वेगळं सांगायला नको.) शेवटी टून गावाखालून सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा एक बोगदा खणला, सरोवराचं जास्तीचं पाणी गाव टाळून आरेत सोडायला. तो २००९ साली पुरा झाला. म्हणजे १७१४ साली एका बोगद्याने आत आणलेलं पाणी बाहेर काढायला दुसरा बोगदा लागला, आणि दोन्हींमध्ये २९५ वर्षं गेली. मी नातीला हे वजाबाकीचं गणित घातलं, तर ती म्हणाली, "आजी, मग एवढी वर्षं ते काय करत होते?" मला हसू आलं, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

आता निवाडा करायला बसलं तर सोपं नाही. ज्या शेतांसाठी हे केलं ती शेतं खरोखर सुटली. स्वित्झर्लंडमध्ये नदी वळवण्याचं एवढं मोठं काम त्याआधी कुणी केलेलं नव्हतं, आणि पुढच्या शतकांत तिथे नद्यांची जी मोठमोठी कामं झाली त्यांना ही शाळाच ठरली. पण एकाचा पूर दुसऱ्याच्या दारात गेला, हेही खरं. ठरवणारे बर्नमध्ये बसले होते. बर्नच्या तळघरात पाणी येणार नव्हतं.

जुन्या पात्राचं काय झालं विचाराल तर ते अजून आहे. त्यातून आता ग्ल्यूचबाख नावाचा एक ओढा वाहतो. रुंद दरी आणि मधोमध एवढासा ओढा, जसा आजोबांचा सदरा घालून फिरणारा नातू! आणि टूनजवळ कांडरने पूर्वी पसरलेल्या गोट्यांच्या माळावर सैन्याच्या कवायतीचं मैदान झालं. दगडगोट्यांच्या जमिनीला शेतीत किंमत नाही, पण तोफा ओढायला उत्तम.

नवीन मुखाशी, सरोवरात, कांडरने तीनशे वर्षांत आपला त्रिभुज प्रदेश रचला. शाळेत मी शिकवायचे की त्रिभुज प्रदेश बनायला हजारो वर्षं लागतात. हा मात्र तारखेसकट सांगता येतो. विसाव्या शतकात तिथला वाळू-खडी काढायचा धंदा सुरू झाला, आणि नदीने आल्प्समधून आणलेली खडी घरांच्या नि रस्त्यांच्या काँक्रिटमध्ये गेली. नदीने काही उगीच आणलं नव्हतं म्हणायचं.

नदीचे उद्योग एवढ्यावर संपत नाहीत. १८९९ साली श्पीट्सला कांडरच्या पाण्यावर वीजघर झालं आणि त्या विजेवर बुर्गडोर्फ ते टून ही आगगाडी धावली. युरोपातली मोठ्या मापाच्या रुळांवरची ही पहिली पूर्ण विजेची रेल्वे. कोळसा नसलेल्या देशाला नदी म्हणजे पांढरा कोळसाच.

आणि मग कांडरच्या खालूनच रेल्वे न्यायचं ठरलं. ल्योचबर्गचा बोगदा. गास्टर्न दरीच्या तळाखालून तो जाणार होता. दीडशे मीटरपेक्षा जास्त खाली, म्हणजे वर सगळा पक्का खडक असणार, असा जाणकारांचा अंदाज. प्रत्यक्षात हिमनदीने ती दरी अंदाजापेक्षा फार खोल कोरलेली होती आणि कांडरने ती वाळू-गोट्यांनी भरून वरून सपाट केलेली होती. २४ जुलै १९०८ला पहाटेच्या अंधारात सुरुंग उडवला, आणि खडकाऐवजी नदीचा गाळ पाण्यासकट आत घुसला. पंचवीस मजूर गेले. सगळे इटलीहून पोटासाठी आलेले. तो भाग भिंत घालून बंद केला आणि बोगदा वळवून नेला. सरळ रेषेत जायचा बोगदा त्यामुळे वाकडा झाला. १९१३ साली गाड्या सुरू झाल्या. मी त्या गाडीतून दोनदा गेले. अंधारात वळण आलं की शरीराला जाणवतं. सूनबाई मोबाइल बघत होती, मी मनातल्या मनात हात जोडले.

पुढे २००७ साली त्याहून खालून, फ्रूटिगेनपासून, साडेचौतीस किलोमीटरचा नवा बोगदा झाला. त्याची एक गंमत सांगते. डोंगराच्या पोटातून येणारं पाणी उबदार असतं. ते तसंच नदीत सोडलं तर पाणी तापेल आणि टूनच्या सरोवरातून अंडी घालायला कांडरच्या वाटेने वर येणाऱ्या ट्राउट माशांना त्रास होईल, म्हणून तसं सोडायला मनाई. मग त्या उबेवर फ्रूटिगेनला काचघर उभं केलं, २००९ साली ते लोकांना खुलं झालं. आत केळी-पपईची झाडं आणि हौदात स्टर्जन मासे! आल्प्सच्या पायथ्याशी केळीचं पान पाहून मला तर नैवेद्याचं ताट मांडावंसं वाटलं. १७१४ साली नदीतल्या माशाला कुणी विचारलं नव्हतं. तीनशे वर्षांनी माशाच्या अंगाला सोसेल का याचा विचार करून बोगद्याचं पाणी थंड करतात, हा फरक मला मोठा वाटतो. २०११पासून तिथे कायदाच आहे की बिघडवलेल्या नद्या-ओढ्यांपैकी सुमारे ४००० किलोमीटर पुन्हा मोकळ्या करायच्या, आणि त्याला मुदत धरली आहे साधारण ऐंशी वर्षांची. कांडरलाही काही ठिकाणी बांध मागे घेऊन पसरायला जागा दिली आहे. झिमेच्या संगमाजवळ आउगांडला ती पाहिली. गोट्यांच्या बेटांमधून चार-पाच धारांनी वाहत होती. वेणी सोडून केस मोकळे केल्यासारखी.

इथवर लिहिलं ते वाचून कुणाला वाटेल, की चला, सगळं छान झालं. पण कांडरकाठचं एक गाव राहिलं आहे. खरं तर याच गावामुळे मी हे लिहायला बसले.

मिटहोल्त्स हे कांडरश्टेग आणि फ्रूटिगेनच्या मधलं गाव. दीडशे-पावणेदोनशे माणसांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धात स्विस सैन्याने गावालगतच्या डोंगराच्या पोटात दारूगोळ्याचं कोठार केलं. युद्ध संपलं, कोठार राहिलं. १९४७च्या डिसेंबरात, १९ तारखेच्या रात्री, त्याचा स्फोट झाला. नऊ माणसं गेली, घरं, स्टेशन उद्ध्वस्त झालं. कोठारात सुमारे सात हजार टन माल होता, त्यातला जवळजवळ तीन हजार टन उडाला. उरलेला? तो ढिगाऱ्याखाली तसाच. लोकांनी गाव पुन्हा बांधलं. सत्तर वर्षं त्या कड्याखाली संसार केले. २०१८ साली तज्ज्ञांनी सांगितलं, की धोका समजत होतो त्यापेक्षा बराच जास्त आहे. २०२०मध्ये गावकऱ्यांना कळवलं, की सगळं साफ करायचं तर तुम्हाला गाव सोडावं लागेल, दहा वर्षांहून जास्त काळ. २०२३ साली संसदेने त्यासाठी अडीच अब्ज फ्रँकहून जास्त रक्कम मंजूर केली.

त्या काळातला नको असलेला दारूगोळा टूनच्या सरोवरातही टाकलेला आहे. हजारो टन. वरून कांडरचा गाळ बसतो आहे. तो कसा काढता येईल याच्या कल्पना मागवायला २०२४ साली सरकारने स्पर्धाच ठेवली होती. सरोवर मोठं आहे, काय टाकाल ते जिरून जाईल, हा १७११ सालचा विचार किती वर्षं टिकला पाहा.

मिटहोल्त्सला आम्ही एका रविवारी थांबलो होतो. एक बाई अंगणात बटाटे काढत होत्या. माझ्याच वयाच्या, सत्तरीपुढच्या. मुलाने जर्मनमध्ये बोलणं सुरू केलं. त्या फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की परत येता येईल असं सांगतात, पण तेव्हा मी किती वर्षांची असेन?

मुलाने भाषांतर केलं. मला त्याची गरज नव्हती.

माझं माहेर धरणाखाली गेलं. धरणाचं नाव लिहीत नाही, नातेवाइकांना माहीत आहे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. आजीने शेवटच्या दिवशी तुळशीवृंदावनातली माती फडक्यात बांधून घेतली होती. नवीन जागा मिळाली, कागदावर जमीन मिळाली, पण नदी मिळाली नाही. आजी पुढे बारा वर्षं जगली आणि बारा वर्षं विहिरीच्या पाण्याला 'हे पाणी' म्हणत राहिली, आणि नदीच्या पाण्याला 'आपलं पाणी'. त्या धरणाच्या विजेवर महाराष्ट्रातले दिवे लागले, मी त्या दिव्यांखालीच बी.ए.चा अभ्यास केला. त्यामुळे धरण नको होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण आजीला कुणी विचारलं नव्हतं, हेही मी विसरू शकत नाही. मिटहोल्त्सच्या बाईंना निदान सभा घेऊन सांगितलं, पैसे दिले, दहा वर्षं आधी सांगितलं. त्या बटाटे काढत होत्या ते मात्र माझ्या आजीसारखेच, खाली वाकून, एकेक पुसून टोपलीत ठेवत.

आता आजचं सांगते. हिमनद्या आटत आहेत. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. कांडरची आईही त्यातच आली. डोंगराच्या भेगांतलं, कायम गोठलेलं बर्फ धरून ठेवतं, ते सैल झालं की कडे सरकतात. ओशिनेन तळ्याच्या वर श्पिट्झे श्टाय नावाचा कडा असाच सरकतो आहे. दीड कोटी घनमीटरहून जास्त दगड. त्यावर रात्रंदिवस यंत्रांची नजर आहे, खाली कांडरश्टेगमध्ये नवीन बांधकामावर बंधनं आहेत. आणि हे सगळं कागदी नाही. ल्योचबर्गच्या जुन्या बोगद्याच्या पलीकडच्या बाजूला असलेल्या दरीत ब्लाटेन नावाचं गाव होतं. २८ मे २०२५ला वरची हिमनदी दगडांसकट कोसळली आणि गाव गाडलं गेलं. नऊ दिवस आधी सुमारे तीनशे माणसं बाहेर काढली होती म्हणून वाचली. एक जण गेला. खाली नदी अडली आणि गाडल्याविना राहिलेली घरं पाण्यात बुडाली. ओशिनेन तळं हजारो वर्षांपूर्वी कसं झालं असेल, ते त्या दिवशी लोकांनी टीव्हीवर पाहिलं.

हे सगळं मी इतक्या तपशिलात का वाचलं, तर घरातलं कारणही आहे. मुलगा-सून घर शोधत आहेत. टूनमधल्या किमती परवडत नाहीत म्हणून कांडरच्या खोऱ्यात एक घर पाहिलं. लाकडी, जुनं, मागे कुरण, समोर नदीचा आवाज. सूनबाई पाहताक्षणी प्रेमात. तिथे प्रत्येक गावाचा धोक्याचा नकाशा असतो, कुणालाही घरबसल्या पाहता येतो. लाल रंग म्हणजे नवीन घर बांधायला बंदी. निळा म्हणजे अटी पाळून बांधा. पिवळा म्हणजे धोका कमी. हे घर निळ्यात होतं, लालच्या कडेला. मुलगा म्हणाला, "आई, तू भूगोलाची बाई. तू सांग."

मी लगेच काही सांगितलं नाही. त्याला म्हटलं, पाऊस लागलेल्या दिवशी परत जाऊ. गेलो. छत्री घेऊन तासभर काठावर उभे राहिलो. कांडर दुधाळ राहिली नव्हती, मातकट झाली होती, आणि पाण्याखालून एक आवाज येत होता. ठक, ठक, ठक. गोटे एकमेकांवर आपटत खाली चालले होते. टेकडी पोखरणारे, बोगदा बुजवणारे, त्रिभुज प्रदेश रचणारे तेच हे गोटे. मुलगा बराच वेळ ऐकत होता. मग त्याने शेजारच्या घरच्या आजोबांना विचारलं, की पाणी कुठवर आलं होतं? त्यांनी आपल्या गोठ्याच्या भिंतीवर हात ठेवून उंची दाखवली आणि वर्ष सांगितलं, २०११. त्या ऑक्टोबरमध्ये नव्या बर्फावर उबदार पाऊस पडून कांडर मोठी चढली होती.

घर त्यांनी घेतलं नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला, पिवळ्या रंगात, एक लहान फ्लॅट आहे, त्याची बोलणी चालू आहेत. नदी तिथून दिसते, ऐकू मात्र येत नाही. सूनबाई थोडी खट्टू आहे. तिला मी म्हटलं, अगं, नदी जवळ हवी, पण तिची जागा तिला सोडून.

तुमच्यापैकी कुणाच्या गावाला अशी लहान नदी असेल, तिचं जुनं पात्र कुठून जायचं, कुणी वळवलं, कुणाच्या दारात पाणी गेलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असेल तर विचारून लिहून ठेवा. आमच्या नदीविषयी आजीला मी विचारायला हवं ते सगळं विचारून घेतलं होतं, ती वही माझ्याकडे आहे. तिच्यावर पुढे कधीतरी लिहीन.